खुर्ची किती मागे जाते, हे एअर इंडियाचे चेअरमन स्वतः बसून बघायचे

मोर्शी म्हणजे अमरावती जिल्ह्यातला संत्र्याचा पट्टा. इथली पोरं शिकायला अमरावती-नागपूरला जातात, नोकरीला पुण्याला जातात आणि त्यातली काही थेट अमेरिकेला पोचतात. मग एक दिवस आई-बाबांचा व्हिसा येतो आणि घरात बॅगा वजनकाट्यावर चढायला लागतात.

प्रवास कसा? तर मोर्शीहून एसटीनं अमरावती. अमरावतीहून रात्रीच्या रेल्वेनं मुंबई. आणि मुंबईहून अमेरिकेला थेट विमान पकडलं, तर हवेतले पंधरा-सोळा तास.

या प्रवासात एक क्षण हमखास येतो. विमानात शिरल्यावर आपल्या सीटकडे जाताना बऱ्याचदा बिझनेस क्लासमधून जावं लागतं. तिथं खुर्च्या नसतात, छोट्या खोल्याच असतात. पाय पसरायला जागा, बटण दाबलं की पलंग, वर जाड पांघरूण. ते बघत बघत माणूस मागं जातो आणि तीन सीटच्या रांगेत मधली जागा धरून बसतो. गुडघे समोरच्या सीटला टेकलेले. मनात एकच प्रश्न, एका खुर्चीचा एवढा विचार कोण करत असेल?

भारतापुरतं बोलायचं, तर हा विचार सगळ्यात आधी आणि सगळ्यात बारकाईनं ज्या माणसानं केला, त्याचं नाव जहांगीर रतनजी दादाभाई टाटा. म्हणजेच जेआरडी.

गंमत म्हणजे ते एअर इंडियाचे चेअरमन होते, तेव्हा बहुतेक काळ बिझनेस क्लास नावाची गोष्ट जगात कुठंच नव्हती. तरी आज त्या क्लासचं तिकीट काढणारा माणूस ज्या गोष्टीसाठी पैसे मोजतो, ती गोष्ट जेआरडी सत्तर वर्षांपूर्वी वहीत टिपून ठेवत होते.

टाटा आणि वऱ्हाडचा कापूस

जेआरडींची गोष्ट सुरू करण्याआधी थोडं मागं जाऊ, कारण टाटांचा आणि आपल्या भागाचा संबंध विमानाच्या आधीचा आहे.

वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड असं म्हणायचे ते कापसामुळं. हा कापूस जिथं पिकतो तिथंच गिरणी काढायची, असं जमशेटजी टाटांनी ठरवलं आणि १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. टाटांच्या पुढच्या साम्राज्याचा पाया या गिरणीनं घातला. याच जमशेटजींचे नातेवाईक आणि व्यवसायातले भागीदार होते रतनजी दादाभाई टाटा. जेआरडी त्यांचा मुलगा.

जन्म २९ जुलै १९०४, पॅरिसमध्ये. आई सुझान ब्रियेर फ्रेंच होती, लग्नानंतर तिचं नाव सूनी झालं. घरात बोली फ्रेंच. जेआरडींचं बालपण फ्रान्स, भारत, जपान असं फिरतीवर गेलं.

सुट्टीत हे कुटुंब उत्तर फ्रान्समधल्या आर्दलो नावाच्या समुद्रकिनाऱ्यावर राहायचं. तिथं त्यांचे शेजारी होते लुई ब्लेरिओ. हे तेच ब्लेरिओ, ज्यांनी १९०९ साली विमानातून पहिल्यांदा इंग्लिश खाडी ओलांडली होती. त्या किनाऱ्यावर विमानं उतरायची. लहानगा जेआरडी ती बघत राहायचा. पंधराव्या वर्षी त्याला विमानात बसून एक फेरी मारायला मिळाली आणि विषय तिथंच संपला. आपण पायलट व्हायचं, हे पोरानं ठरवून टाकलं.

पण ते लगेच जमलं नाही. फ्रेंच नागरिक असल्यानं वर्षभर फ्रेंच सैन्यात काढावं लागलं. १९२५ साली ते मुंबईत टाटांच्या कंपनीत बिनपगारी शिकाऊ उमेदवार म्हणून रुजू झाले. पुढच्याच वर्षी वडील गेले.

मुंबईत फ्लाइंग क्लब सुरू झाला तसे जेआरडी तिथं पोचले. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना विमान चालवायचं लायसन्स मिळालं. भारतात दिलं गेलेलं ते पहिलं लायसन्स, नंबर १. त्याच वर्षी त्यांनी फ्रेंच नागरिकत्व सोडलं.

जिंकायची स्पर्धा होती, यांनी स्पार्क प्लग देऊन टाकले

ही १९३० सालची गोष्ट. आगाखानांनी एक बक्षीस लावलं होतं. भारत आणि इंग्लंडमधलं अंतर एकट्यानं विमान चालवत पार करणाऱ्या पहिल्या भारतीयाला ५०० पौंड.

जेआरडी कराचीहून इंग्लंडच्या दिशेनं निघाले. अस्पी इंजिनियर नावाचा तरुण उलटा, इंग्लंडहून कराचीकडे निघाला होता. दोघांची गाठ पडली इजिप्तमधल्या अबूकीरला. अस्पी तिथं अडकून पडला होता, कारण त्याच्याकडे जादा स्पार्क प्लग नव्हते. जेआरडींनी आपल्याकडचे काढून दिले.

अस्पी थोड्याच तासांच्या फरकानं जिंकला. पुढं हेच अस्पी इंजिनियर भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले.

हा किस्सा नेहमी जेआरडींच्या दिलदारपणासाठी सांगितला जातो, आणि तो आहेच. पण त्यात अजून एक गोष्ट दिसते. हा माणूस निघताना सुटे भाग मोजून घेऊन निघाला होता. छोट्या वस्तूवर मोठा प्रवास अडतो, हे त्याला विसाव्या-पंचविसाव्या वर्षीच कळलं होतं.

पहिला क्लास होता टपालाच्या पिशव्यांचा

नेव्हिल व्हिन्सेंट हे ब्रिटिश हवाई दलातून बाहेर पडलेले पायलट. त्यांनी टाटांकडे एक योजना आणली. लंडनहून इम्पीरियल एअरवेजनं येणारं टपाल कराचीत उतरायचं आणि पुढं रेल्वेनं जायचं. ते विमानानं मुंबई आणि मद्रासला न्यायचं. सर दोराबजी टाटांची परवानगी मिळाली, दोन लाख रुपयांचं भांडवल लागलं आणि काम सुरू झालं.

१५ ऑक्टोबर १९३२. जेआरडी स्वतः पस मॉथ नावाचं छोटं एक इंजिनाचं विमान घेऊन कराचीहून उडाले. सोबत साधारण २५ किलो टपाल. वाटेत अहमदाबादला उतरले तेव्हा विमानाचं पेट्रोल चक्क बैलगाडीतून आलं. तिथून मुंबईत जुहूला. पुढं मद्रासपर्यंतचा टप्पा व्हिन्सेंट यांनी पार पाडला.

आता या विमानात आराम किती होता?

तर शून्य. रेडिओ नव्हता, रात्री उतरायची सोय नव्हती, जुहूची धावपट्टी म्हणजे मातीचं मैदान. पावसाळ्यात ते पाण्याखाली जायचं, मग सगळा कारभार पुण्याला हलवावा लागायचा. कधी एखादा प्रवासी घेतला, तर त्यानं टपालाच्या पिशव्यांवरच बूड टेकायचं.

पहिल्या वर्षभरात या सेवेनं सुमारे अडीच लाख किलोमीटर अंतर कापलं आणि १५५ प्रवासी नेले. वर ६० हजार रुपये नफा केला. म्हणजे भारतातल्या या पहिल्या विमान कंपनीचे पहिले प्रवासी खुर्चीसाठी भांडले नाहीत. खुर्ची नव्हतीच.

१९३८ साली जेआरडी टाटा सन्सचे चेअरमन झाले. वय ३४. लोखंड, वीज, गिरण्या, हॉटेलं असा सगळा पसारा अंगावर आला, पण जीव मात्र विमानात अडकलेला.

नागपूरच्या मध्यरात्री आणि लंडनचं तिकीट

दुसरं महायुद्ध संपलं आणि २९ जुलै १९४६ रोजी टाटा एअरलाइन्सची एअर इंडिया ही पब्लिक कंपनी झाली. योगायोग असा, की तो जेआरडींचा वाढदिवस होता. त्याच वर्षी कंपनीचे बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी मिळून वाकून स्वागत करणारा, मोठ्या मिशांचा महाराजा तयार केला.

देशात विमानांची संख्या झपाट्यानं वाढत होती. १९४९ मध्ये सरकारनं रात्रीची हवाई टपाल योजना आणली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास, या चारही शहरांतून निघालेली विमानं मध्यरात्री नागपुरात जमायची, टपालाची आणि प्रवाशांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परत. विदर्भातलं शहर काही तासांसाठी देशाचं हवाई जंक्शन व्हायचं. जेआरडींचा मात्र या योजनेला विरोध होता. पैशाचं गणित बसणार नाही, असं त्यांचं मत होतं आणि ते त्यांनी सरकारला लपवून सांगितलं नाही.

त्यांची नजर बाहेर होती. मार्च १९४८ मध्ये एअर इंडिया इंटरनॅशनल ही नवी कंपनी झाली. त्यात सरकारचा वाटा ४९ टक्के होता. कंपनीनं अमेरिकेतून लॉकहीड कॉन्स्टेलेशन जातीची चार इंजिनांची विमानं आणली. नावं काय ठेवली? मलबार प्रिन्सेस, मुघल प्रिन्सेस, राजपूत प्रिन्सेस आणि मराठा प्रिन्सेस.

८ जून १९४८ च्या रात्री मलबार प्रिन्सेस मुंबईहून निघालं. कैरो, जिनिव्हा आणि १० जूनच्या पहाटे लंडन. विमानात ३५ प्रवासी. त्यात राजे-नवाब होते, आणि जेआरडी व त्यांची पत्नी थेल्मा हेही होते.

जाहिरातीत लंडनचं भाडं होतं १,७२० रुपये. आज हा आकडा किरकोळ वाटतो. पण तेव्हा सोनं तोळ्याला शंभराच्या आसपास होतं. म्हणजे लंडनला जायचं तर पंधरा-सोळा तोळे सोनं मोडायचं. मोर्शीच्या शेतकऱ्याला हे तिकीट आजच्या बिझनेस क्लासपेक्षाही लांबचं होतं.

एवढे पैसे देऊन माणूस दोन रात्री खुर्चीत काढणार होता. जेआरडींच्या डोक्यात खुर्चीचा विषय शिरला तो इथं.

चहा कॉफीसारखा दिसतोय आणि खुर्च्या सारख्या नाहीत

समोर स्पर्धा कोणाशी होती? ब्रिटिशांची बीओएसी, अमेरिकेची पॅन अ‍ॅम आणि टीडब्ल्यूए. त्यांच्याकडे विमानं जास्त, पैसा जास्त आणि पाठीशी श्रीमंत देश. एअर इंडियाकडे मोजकी विमानं आणि नुकतंच स्वतंत्र झालेल्या देशाचं नाव.

विमान तर सगळ्यांचं सारखंच. अमेरिकेतल्या त्याच कारखान्यातून आलेलं. मग फरक पाडायचा कुठं? आत. खुर्ची, पडदा, चहा, टॉयलेट आणि वागणूक, या पाच गोष्टींत.

म्हणून जेआरडी आपल्याच विमानातून प्रवास करायचे तेव्हा तो प्रवास नसायचा, तपासणी असायची. उतरल्यावर मॅनेजमेंटच्या टेबलावर त्यांची लांबलचक नोट यायची.

एका नोटमध्ये त्यांनी लिहिलं, की जिनिव्हाहून चढवलेला चहा आणि कॉफी यांच्या रंगात फरक करता येत नाही. कुठं काउंटरवर धूळ दिसली तर त्यावर लिहिण्याआधी ती त्यांनी स्वतः पुसलेली असायची. टॉयलेट नीट आहे का, हे चेअरमन दार उघडून बघायचे.

आणि खुर्च्या. एका विमानाबद्दल त्यांनी कळवलं, की काही खुर्च्या इतरांपेक्षा बऱ्याच जास्त मागे झुकतात. सगळ्याच खुर्च्यांचा कल वाढवून एकसारखा करावा. अपवाद फक्त शेवटच्या रांगेचा, कारण तिच्या पाठीमागं भिंत आहे.

आता ही तक्रार नीट बघा. देशातल्या सगळ्यात मोठ्या उद्योगसमूहाचा प्रमुख खुर्चीच्या पाठीचा कोन मोजत होता. पण त्यामागचा विचार साधा होता. दोघांनी सारखंच भाडं दिलंय. एकाची पाठ रात्रभर टेकते, दुसऱ्याची टेकत नाही. ज्याची टेकत नाही, तो पुढच्या वेळी पॅन अ‍ॅमनं जाईल.

शेवटच्या रांगेचा अपवाद तर आजही तसाच आहे. सीट निवडताना शेवटची रांग टाळा असं सांगतात, त्याचं कारण तीच भिंत.

पाठीचा कोन एवढा महत्त्वाचा का?

सरळ बसलं की कमरेवरचं सगळं वजन मणक्याच्या खालच्या भागावर आणि बुडावर येतं. पाठ जितकी मागे झुकेल, तितकं ते वजन पाठीभर पसरतं. पाय लांब करता आले की पोटऱ्यांमधलं रक्त नीट फिरतं. तासन्‌तास पाय लटकते आणि दुमडलेले राहिले की सूज येते, काही जणांच्या पायात रक्ताची गुठळीही होऊ शकते.

त्यात विमानातली हवा. हजारो फूट उंचीवर असताना केबिनमधला दाब जमिनीइतका नसतो, साधारण सहा ते आठ हजार फुटांवरच्या डोंगरावर असावा तेवढा असतो. हवा कोरडी असते. शरीर आधीच दमलेलं असतं. अशा वेळी आडवं होता येणं ही चैन कमी आणि गरज जास्त होते.

मग सगळ्यांनाच पलंग का देत नाहीत? कारण विमानात सगळ्यात महाग गोष्ट म्हणजे फरशी. इकॉनॉमीत एका सीटपासून पुढच्या सीटपर्यंतचं अंतर साधारण ३१-३२ इंच असतं. पूर्ण आडव्या होणाऱ्या एका सीटला जेवढी जागा लागते, तेवढ्यात इकॉनॉमीचे तीन-चार प्रवासी बसतात. म्हणजे पलंगावर झोपलेला माणूस त्या तीन-चार जणांचं भाडं भरत असतो.

सरकारनं कंपनी घेतली, चेअरमन तेच ठेवले

१९५३ साली सरकारनं विमान कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण केलं. १ ऑगस्टपासून एअर इंडिया टाटांची राहिली नाही. आपल्याशी नीट चर्चाही झाली नाही, ही जेआरडींची खंत होती. त्यांनी ती नेहरूंपर्यंत पोचवली.

तरी सरकारनं एअर इंडिया इंटरनॅशनलचं चेअरमनपद त्यांनाच दिलं आणि त्यांनी ते घेतलं. कंपनीचे मालक ते राहिले नव्हते, या कामाचा पगारही घेत नव्हते. पण तपासणी चालूच. ज्या कंपनीतून एक रुपयाचा फायदा नाही, तिच्या चहाच्या रंगावर हा माणूस पुढची पंचवीस वर्षं लिहीत राहिला.

१९६० मध्ये बोईंग ७०७ जेट विमानं आली. कॉन्स्टेलेशनच्या जवळपास दुप्पट वेग. त्याच वर्षी मे महिन्यात एअर इंडिया न्यूयॉर्कला पोचली. १९६२ पर्यंत तिच्या ताफ्यातली पंख्याची विमानं गेली आणि सगळी जेट राहिली. एवढ्या लवकर हे जगात फार कोणाला जमलं नव्हतं.

जेटमुळं खुर्चीचा प्रश्नही बदलला. प्रवास लहान झाला, विमान मोठं झालं, तिकीट स्वस्त करायचा दबाव आला. १९५२ मध्ये अटलांटिकवर टुरिस्ट क्लास सुरू झाला होता, १९५८ मध्ये इकॉनॉमी आली. पुढं ऐसपैस फर्स्ट क्लास, मागं एका रांगेत सहा-सहा जण, असे विमानाचे दोन भाग पडले.

फर्स्ट क्लासमध्ये एअर इंडियानं हौस केली. १९६७ मध्ये कंपनीनं साल्वादोर दाली या जगप्रसिद्ध चित्रकाराकडून प्रवाशांना भेट द्यायला अ‍ॅशट्रे बनवून घेतले. मोबदला म्हणून त्यानं हत्तीचं पिल्लू मागितलं, आणि कंपनीनं ते भारतातून पाठवलं.

एप्रिल १९७१ मध्ये पहिलं जम्बो जेट आलं, बोईंग ७४७, नाव एम्परर अशोका. बाहेरून प्रत्येक खिडकीभोवती राजवाड्याच्या झरोक्याची नक्षी, आत भिंतींवर भारतीय चित्रं, वरच्या मजल्यावर फर्स्ट क्लासवाल्यांसाठी बैठक. आकाशातला महाल अशीच त्याची जाहिरात झाली.

महालही पडतो

इथपर्यंत गोष्ट छान वाटते. पण जेआरडींच्या आयुष्यात दुसरी बाजूही होती.

ज्या मलबार प्रिन्सेसमधून ते लंडनला गेले होते, ते विमान ३ नोव्हेंबर १९५० रोजी आल्प्समधल्या माँ ब्लांवर आदळलं. विमानातले सगळे, ४८ जण गेले. २४ जानेवारी १९६६ रोजी कांचनजंगा हे बोईंग ७०७ त्याच डोंगरावर कोसळलं. ११७ जण गेले. त्यात डॉ. होमी भाभा होते, जेआरडींचे जवळचे मित्र.

आणि १ जानेवारी १९७८ च्या रात्री मुंबईहून दुबईला निघालेलं एम्परर अशोका उड्डाणानंतर काही मिनिटांतच वांद्र्याजवळ समुद्रात पडलं. सगळे २१३ जण गेले. विमानाचा कल दाखवणारं एक उपकरण बिघडलं होतं आणि बाहेर काळोख होता. विमान कुठल्या बाजूला झुकलंय, हे वैमानिकाला नीट कळलं नाही.

प्रवासी जिवंत पोचला तरच खुर्चीच्या आरामाला अर्थ आहे, हे सांगायला याहून कडू उदाहरण नाही. जेआरडी स्वतः वैमानिक होते, त्यांना हे कोणी सांगायची गरज नव्हती. धूळ बघणारी नजर आणि यंत्र तपासणारी नजर एकच असावी लागते. ती सगळीकडे, सगळ्या वेळी पोचत नाही, हेही तितकंच खरं.

त्यानंतर महिनाभरात, फेब्रुवारी १९७८ मध्ये, मोरारजी देसाई सरकारनं जेआरडींना चेअरमनपदावरून काढलं. १९३२ पासून जपलेलं काम वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी असं हातातून गेलं. हा निर्णय त्यांना लागला. १९८० मध्ये इंदिरा गांधी परत सत्तेत आल्यावर त्यांना संचालक मंडळावर घेतलं गेलं, पण ते चेअरमन पुन्हा झाले नाहीत.

ते गेले आणि बिझनेस क्लास आला

आता योगायोग बघा. नेमक्या याच काळात बिझनेस क्लास जन्माला येत होता.

सत्तरच्या दशकात स्वस्त तिकिटांचा सुकाळ झाला. पण कंपनीच्या कामाला निघालेला माणूस ऐनवेळी पूर्ण भाडं भरून इकॉनॉमीत बसायचा आणि शेजारी निम्म्या पैशात आलेला पर्यटक असायचा. दोघांना खुर्ची तीच, जेवण तेच. पूर्ण भाडं भरणारे कुरकुरायला लागले. मग विमान कंपन्यांनी त्यांना वेगळं बसवायला सुरुवात केली. १९७८ मध्ये पॅन अ‍ॅम आणि ब्रिटिश एअरवेजनं असे वेगळे विभाग केले आणि १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या क्वांटासनं बिझनेस क्लास आणला.

म्हणजे बिझनेस क्लास सुरू झाला तो पलंगापासून नाही, एका तक्रारीपासून. मी पैसे दिलेत, मग मला तेवढं मिळतंय का? जेआरडींच्या कमी-जास्त झुकणाऱ्या खुर्च्यांच्या नोटमध्ये तीच तक्रार होती. फक्त ती प्रवाशानं करायच्या आधी चेअरमननं केली होती.

१९८२ मध्ये, पहिल्या टपाल उड्डाणाला पन्नास वर्षं झाली म्हणून, ७८ वर्षांचे जेआरडी पुन्हा एका जुन्या छोट्या विमानात बसले आणि कराचीहून मुंबईला स्वतः चालवत आले. त्या विमानात आरामदायी असं काहीच नव्हतं. ज्यानं आयुष्यभर इतरांच्या खुर्च्या तपासल्या, त्याची स्वतःची आवडती खुर्ची वैमानिकाची होती.

१९९२ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हात त्यांचं निधन झालं. पॅरिसच्या पेर लाशेझ स्मशानभूमीत त्यांना दफन करण्यात आलं.

बिझनेस क्लासमध्ये पूर्ण आडवी होणारी सीट आली ती त्यानंतर, २००० साली, ब्रिटिश एअरवेजच्या विमानात. जेआरडींनी ती पाहिली नाही.

मग आज काय?

२७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया पुन्हा टाटांकडे आली. १८ हजार कोटींच्या बोलीवर. त्यानंतर आलेल्या एअरबस ए३५० विमानात ३१६ सीट आहेत. त्यातल्या २८ बिझनेस क्लासच्या, दार लावता येणाऱ्या. प्रीमियम इकॉनॉमीच्या २४. आणि उरलेल्या २६४ इकॉनॉमीच्या.

हे आकडे नीट वाचले, तर मोर्शीच्या आई-बाबांची जागा कुठं आहे ते कळतं. ते त्या २६४ मध्ये आहेत.

आपला भागही विमानापासून आता तेवढा लांब नाही. नागपूरला मिहानमध्ये मोठ्या विमानांची देखभाल-दुरुस्ती होते. १६ एप्रिल २०२५ पासून अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईचं विमान सुरू झालं. ते पंख्याचं छोटं एटीआर विमान आहे. त्यात फर्स्ट क्लास नाही, बिझनेस क्लास नाही. सगळ्या सीट सारख्या. जेआरडींच्या नोटचा विषय खरं तर हाच होता.

कारण त्यांनी सगळ्यांना पलंग द्या असं कधी लिहिलं नव्हतं. फरशी किती महाग असते, हे त्यांना कुठल्याही हिशेबनिसापेक्षा जास्त माहीत होतं. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की जी खुर्ची विकलीय ती नीट चालली पाहिजे. झुकते म्हणून सांगितलं तर झुकली पाहिजे. चहा म्हणून दिला तर तो चहा दिसला पाहिजे. आणि हे बघायला वरचा माणूस अधूनमधून स्वतः त्या खुर्चीत बसला पाहिजे.

बिझनेस क्लासचं तिकीट परवडणं न परवडणं हा ज्याच्या त्याच्या खिशाचा विषय. पण तीन सीटच्या रांगेत मधे बसलेल्या माणसाचं बटण दाबलं की त्याची पाठही तेवढीच मागे जायला हवी, जेवढी शेजारच्याची जाते. एवढं झालं, की मोर्शीहून निघालेले आई-बाबा सोळा तासांनी उतरतील तेव्हा कमरेवर हात ठेवून का होईना, पण नातवंडाकडे बघून हसत उतरतील.